खाचेत रुजलेले भात

ही गोष्ट घडली तोवर माझ्या हातून एकेचाळीस तक्रारी लिहिल्या गेल्या होत्या. खचलेले पदपथ, उघडी गटारे, भरदुपारी जळणारे रस्त्यावरचे दिवे, आमच्या इमारतीच्या जिन्यात मांडलेल्या कुंड्या, असे त्यांचे विषय. त्यांपैकी चाळीस तक्रारींची दखल कोणीही घेतली नाही. एकेचाळिसाव्या तक्रारीची घेतली गेली, आणि ती जाऊन पडली सुयोग वायंगणकरच्या अंगावर. सुयोग चारकोपच्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्याच दारात राहतो, आणि उभ्या इमारतीत ज्याच्याविषयी मला एकही तक्रार नव्हती असा तो एकटा माणूस आहे.

आठवीत तो माझा विद्यार्थी होता. मराठीच्या निबंधात त्याने कधी पाचव्या ओळीच्या पुढे मजल मारली नाही. ‘माझी आई’ या विषयावर त्याने लिहिले होते, ‘माझी आई विमला. ती पहाटे उठते. ती खोटे बोलत नाही. संपले.’ मी त्याला दहापैकी दोन गुण दिले होते. त्याचे वडील धोंडू वायंगणकर परळच्या एका गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले आणि फाटकावरच थकले. ज्या माणसाला शंभर माग ओळखत होते, त्याला अखेरची वीस वर्षे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहावे लागले. मुलाने आयटीआयमधून फिटरचे प्रमाणपत्र आणले, तेव्हा ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले होते.

गेली सहा वर्षे सुयोग मेट्रोच्या आगारात, म्हणजे गाड्या जिथे धुतल्या, तपासल्या आणि दुरुस्त केल्या जातात तिथे, दारांच्या विभागात तंत्रज्ञ आहे. सहा डब्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंची मिळून अठ्ठेचाळीस दारे असतात. प्रवासी त्यांच्याकडे पाहत नाही, कारण ती उघडतात आणि मिटतात. एखादे दार मिटले नाही की मात्र सारी गाडी जागच्या जागी उभी राहते, आणि मग हजार माणसे त्या एका दाराकडे पाहू लागतात.

तपासणीची रीत अशी. एक ठरावीक जाडीचा लाकडी ठोकळा दाराच्या दोन झडपांच्या मध्ये धरायचा. दाराने त्याला स्पर्श करायचा, मागे हटायचे, पुन्हा प्रयत्न करायचा. तीनदा अडथळा लागला की दाराने उघडे राहायचे आणि चालकाला तसे कळवायचे. ठोकळ्याने हे सिद्ध झाले की तपासणीच्या कागदावर सही करायची. नियम इथे संपतो. सुयोगचा संपत नसे. तो त्यानंतर आपले मनगट मध्ये धरी.

“हे कशासाठी?” मी एकदा विचारले होते.

“ठोकळ्याला लागत नाही ना, सर,” तो म्हणाला. “ठोकळा नुसतं पास म्हणतो. हाताला कळतं, दार धक्का मारतंय की विचारतंय.”

त्याची दुसरी सवय उंबऱ्याची. दाराच्या झडपा खाली ज्या खाचेतून सरकतात, तिच्या टोकाला पाणी वाहून जाण्यासाठी एक भोक असते. कंपनीने दिलेला प्लास्टिकचा ब्रश तिथवर पोहोचत नाही. मागणी तीनदा नोंदवूनही लांब ब्रश आला नाही. तो कधी येणार होता, हे मी माझ्या चाळीस तक्रारींच्या अनुभवावरून सांगू शकलो असतो. सुयोगने वाट पाहिली नाही. त्याची आई गावाहून आणलेल्या झावळ्यांच्या हिरांची, म्हणजे पात्यांमधल्या काड्यांची, केरसुणी बांधते. त्यातली एक टणक हीर काढून, टोकाला किंचित वाकवून, तो खिशाला पेनासारखी लावी आणि अठ्ठेचाळीस भोके तिने मोकळी करी. परदेशी बनावटीची मोटर, संगणकावर चालणारे दार आणि त्याची निगा राखायला मालवणच्या माडाची हीर! मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. या शहरात जे काही चालते, ते अशाच कोणाच्या तरी खिशातल्या हिरेवर चालते.

एवढे करूनही सुयोग कंपनीच्या दप्तरी कंपनीचा माणूस नव्हता. तो कंत्राटदाराचा माणूस होता. दर वर्षी त्याचे ओळखपत्र संपे आणि दर वर्षी ते नव्याने मिळेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. गेल्या वर्षी प्रथमच, कंत्राटी तंत्रज्ञांपैकी काहींना कायम करण्याची यादी निघणार असे जाहीर झाले. दिवाळीपूर्वी ती लागणार होती. दारांच्या विभागातून एकच नाव जाणार होते, आणि ते सुयोगचे असणार हे त्याचे पर्यवेक्षक नंदकुमार यांनी त्याला सांगितलेही होते. त्याची पत्नी ऋतिका हिने तर ‘माझ्या मिस्टरांचं कायम झालं की’ या शब्दांनी वाक्ये सुरू करायला आरंभ केला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, मला दिंडोशीच्या न्यायालयात तारीख होती. मी मेट्रोने निघालो. गाडी दहिसरचे वळण घेऊन पुढे आली, आणि देवीपाड्याला माझ्या समोरचे दार मिटता मिटता बोटभर अंतरावर थांबले आणि उघडले. पुन्हा मिटू लागले, पुन्हा उघडले. तिसऱ्यांदाही तेच. मग घोषणा झाली, आम्हा सर्वांना उतरवण्यात आले आणि रिकामी गाडी निघून गेली. मी न्यायालयात पोहोचलो तेव्हा माझे नाव पुकारून झाले होते. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

त्या संध्याकाळी मी जे लिहिले, ते माझ्या उत्तम लेखनापैकी होते, हे मला आज सांगताना बरे वाटत नाही. डब्याचा क्रमांक, दाराचा क्रमांक, वेळ, सारे मी टिपून ठेवले होते. ‘कोणाही प्रवाशाने दार अडवलेले नव्हते, हे मी दाराच्या समोरच उभा असल्याने प्रतिज्ञापूर्वक सांगू शकतो,’ असे मी लिहिले. आणि शेवटी: ‘यंत्राचा दोष हा अखेर माणसाच्या हलगर्जीपणाचाच दोष असतो, सबब, संबंधित कर्मचाऱ्याचे नाव निश्चित करून त्याच्यावर कारवाई व्हावी.’ हे वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिले होते. संबंधित कर्मचारी हे शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोणताही चेहरा नव्हता. सुयोग दारांचे काम करतो हे मला ठाऊक होते. पण कारवाई वर कुठेतरी व्हावी म्हणून आपण लिहितो, ती खाली कोणावर होते हे पाहायला आपण थांबत नाही.

पाचव्या दिवशी, चारच्या सुमारास, सुयोग माझ्याकडे आला. कामाचा निळा सदरा अंगावर तसाच होता. त्याच्या हातात एक कागद आणि कुंकवाची असते तशी एक लहानशी डबी होती.

“सर, कारणे दाखवा आलीय,” तो म्हणाला. “खुलासा द्यायचाय, परवापर्यंत. तुम्ही लिहून द्याल का?”

मी कागद घेतला. ‘एका प्रवाशाच्या लेखी तक्रारीस अनुसरून’ अशी त्याची सुरुवात होती, आणि तिसऱ्या ओळीत, अवतरणचिन्हांत, माझे वाक्य होते. यंत्राचा दोष हा अखेर माणसाच्या. संबंधित कर्मचाऱ्याच्या जागी नाव घातले होते: सुयोग धोंडू वायंगणकर, कंत्राटी.

त्याने डबी उघडून टेबलावर ठेवली. आत ओल्या कापसावर भाताचे सात दाणे होते. प्रत्येकाला पांढरा, बारीक मोड आला होता.

“हे त्या दाराच्या खाचेत निघाले. मीच काढले,” तो म्हणाला. “माझीच चूक आहे, सर.”

मग त्याने सांगितले ते असे. दसऱ्याला आगारात हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होते. प्रत्येक विभाग एकेका गाडीला हार घालतो. गेली पाच वर्षे सुयोगने दारांना फुले बांधू दिली नव्हती. पुढच्या काचेला हार घाला, दारांना नको, हा त्याचा आग्रह असे आणि त्यावरून त्याची भरपूर थट्टा होई. या वर्षी मात्र त्याच्या आईने गावाहून नव्या भाताच्या लोंब्या मागवल्या होत्या. कोकणात दसऱ्याच्या सुमाराला नव्या लोंब्या, आंब्याची पाने आणि कुरडूची फुले एकत्र करून घराच्या दाराला, नांगराला, ज्यावर पोट चालते त्या प्रत्येक वस्तूला बांधतात. त्याला नवे बांधणे म्हणतात. विमलाबाईंनी घरातल्या दाराला एक नवे बांधले आणि एक मुलाच्या डब्याच्या पिशवीत ठेवले.

“मी म्हटलं, आई, गाडीच्या दाराला नाही बांधत काही,” सुयोग म्हणाला. “तर मला म्हणते, ‘ज्या दारार प्वाट भरता, त्या दाराक नवां बांधूचा नाय, ह्यां खयचां शास्तर?’ आणि कायम व्हायचं वर्ष होतं, सर. मलाही वाटलं, बांधावं.”

चौथ्या डब्याच्या तिसऱ्या दारावर त्याने ते बांधले. पूजा झाली, नारळ फुटला. आणि मग नंदकुमार काही पाहुण्यांना घेऊन आले व म्हणाले, “दाखव रे यांना, दार कसं उघडतं.” नवे काढायचे राहिले होते. सुयोगने दार चालवले. लोंब्या हलल्या. नंतर त्याने नवे सोडवले, उंबरा पुसला, हीर फिरवली. पण झडपेने काही दाणे लोटत थेट भोकात नेऊन बसवले होते. गाडी दोनदा धुतली गेली. दाणे पाणी प्यायले, फुगले, त्यांवर धूळ बसली, आणि तिसऱ्या दिवशी ती गुठळी वर सरकून झडपेच्या वाटेत आली.

“मनगट धरलं होतं मी,” तो म्हणाला. “पण मनगट वर असतं. दाणे खाली होते.”

“हे दाणे आणखी कोणी पाहिले आहेत?” मी विचारले.

“निमेशने.” निमेश हा त्याचा जोडीदार, मढच्या कोळीवाड्यातला. “तो म्हणतो, ‘येडा आहेस का यार? फेक खाडीत. पब्लिकने बॅग घातली लिही ना. पब्लिकचं नाव थोडीच लिहायचंय?’ नंदकुमार साहेबपण तेच म्हणाले. फक्त त्या तक्रारवाल्याने लिहून ठेवलंय, कोणी दार अडवलं नाही म्हणून.”

मी म्हणालो, “सुयोग, तो तक्रारवाला मी आहे.”

“माहितीये, सर.”

“तुला कोणी सांगितले?”

“कोण सांगणार?” तो प्रथमच हसला. “अख्ख्या लायनीवर ‘सबब’ लिहिणारा दुसरा कोण आहे? निमेशने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, थांब, ज्यांनी लिहिलाय ते माझ्या समोर राहतात.”

“आणि तरीही माझ्याकडे आलास?”

“म्हणूनच आलो. खुलासा वाचणारा साहेब तुमच्यासारखाच असणार. तुम्हाला पटला तर त्याला पटेल.”

मी त्याला सांगितले की मी तक्रार मागे घेतो. गर्दी होती, नीट दिसले नाही, असे लिहून देतो. आयुष्यात प्रथमच मी खोटे लिहायला तयार झालो होतो आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. यादीत नाव आले पाहिजे, मग दाणे गेले खाडीत! मी हे बोलूनही दाखवले.

तो डबीकडे पाहत राहिला. “सर, दाराने काय चूक केली? अडथळा होता, ते उघडलं. तेच त्याचं काम. मी पब्लिक लिहिलं तर ते लोक म्हणतील दार नीट आहे, गाडी पाठवा. आणि त्या दिवशी हार फक्त मी बांधला का? मला बघून बाकीच्यांनी पण बांधले, दारांना. वायंगणकर बांधतो तर चालत असेल म्हणून. दुसऱ्या गाड्यांच्या खाचेत काय पडलंय, कोण बघणार?”

मी कागद पुढे ओढला.

दोन तास खपून मी दोन पाने खुलासा लिहिला. परंपरेचे स्थान, सहा वर्षांची निष्कलंक सेवा, साधनसामग्रीचा अभाव, सारे त्यात होते. सुयोगने तो मन लावून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“भारी आहे, सर,” तो म्हणाला. “पण यात माझी चूक कुठे आहे ती सापडत नाही.”

“ती सापडू नये असेच लिहिले आहे.”

“मग साहेबाला खाचा तपासायचं कसं सुचेल?”

अखेर त्यानेच लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. ते असे होते: ‘दसऱ्याला मी चौथ्या डब्याच्या तिसऱ्या दारावर नवे बांधले. ते काढण्याआधी दार चालवले, ही माझी चूक. भाताचे दाणे खाचेत पडून पाण्याचे भोक बुजले. दार बिघडलेले नाही, त्याने अडथळा ओळखला. त्या दिवशी हार बांधलेल्या सर्व गाड्यांच्या खाचा तपासाव्यात. दाणे सोबत जोडले आहेत.’ पाचव्या ओळीच्या पुढे तो गेला होता. या निबंधाला मी दहापैकी किती गुण दिले असते, ते मी त्याला सांगितले नाही.

दाणे मात्र त्याने सहाच जोडले. सातवा विमलाबाईंनी डबीतून उचलून घेतला होता.

चौकशीला तक्रारदार म्हणून मलाही बोलावणे आले. आगारातल्या एका थंडगार खोलीत, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे एक अधिकारी बसले होते. बाजूला नंदकुमार होते आणि भिंतीलगत, खुर्ची रिकामी असूनही, सुयोग उभा होता. खुलासा वाचला गेला. त्यातल्या सूचनेप्रमाणे खाचा तपासल्या गेल्या होत्या. आणखी दोन गाड्यांत झेंडूचे देठ आणि करवंटीचा एक कपचा निघाला होता, हेही नोंदले गेले.

“कर्मचाऱ्याने चूक मान्य केली आहे,” अधिकारी म्हणाले. “आपलं समाधान झालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “ज्याने सांगितले नसते तर आणखी दोन गाड्या अडल्या असत्या, त्याचे नाव या कागदावर कंत्राटी म्हणून का आहे, हे मला समजलेले नाही. लांब ब्रशची मागणी तीनदा होऊनही तो का आला नाही, हेही समजलेले नाही. आणि पाहुण्यांना दार दाखवायला सांगितले कोणी, हे कोणी विचारलेले नाही.”

नंदकुमार छताकडे पाहू लागले. अधिकारी अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “सर, ते या चौकशीचे विषय नाहीत.”

निर्णय तिसऱ्या दिवशी आला. सुयोगला लेखी ताकीद मिळाली. काम गेले नाही, हे मोठे झाले असे सर्वांनी त्याला सांगितले. ताकीद मिळालेल्याचे नाव त्या वर्षीच्या यादीत घेता येत नाही, हा नियम त्याला कोणी सांगावा लागला नाही. दिवाळीच्या चार दिवस आधी यादी लागली. दारांच्या विभागातून कोणाचेच नाव गेले नाही. त्याखेरीज एक परिपत्रक निघाले. गाडीच्या कोणत्याही दाराला फुले, पाने, धान्य बांधू नये, हे त्यात पहिले कलम, आणि ते योग्यच आहे. दुसरे कलम असे की देखभालीसाठी कंपनीने पुरवलेल्या साधनांव्यतिरिक्त कोणतेही साधन वापरू नये. म्हणजे हीर गेली. लांब ब्रश अद्याप आलेला नाही.

यादी लागली त्या संध्याकाळी मी सुयोगच्या दारात गेलो. ऋतिकाने मला आत या म्हटले नाही. तिच्या जागी मीही म्हटले नसते. सुयोग चहा पीत होता.

“पुढच्या यादीत, सर,” तो म्हणाला. “सकाळी सहाची ड्यूटी आहे,” आणि जणू तेच उत्तर होते अशा रीतीने त्याने कप खाली ठेवला.

मला काहीतरी बोलायचे होते, पण विमलाबाई जिन्यातूनच बोलल्या. त्या रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून बसल्या होत्या. मातीत बोटभर उंचीचे हिरवे पाते उभे होते. जिन्यात कुंड्या ठेवण्याविरुद्ध माझी सोळावी तक्रार आहे, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते.

“मास्तरांनू, ती तक्रार तुम्ही केलात ना?”

“हो,” मी म्हणालो.

“बरां केलात. दाणे गावले.” त्यांनी हातावरची माती झटकली. “नवां मी धाडलंय, दार त्येना चालवल्यान, नि लिवलात तुम्ही. तिगांचा मेळून झाला ह्यां. आता ह्येका पर्मनंट करूची पण एक तक्रार घाला. तुमका येळ आसा, अक्षर पण बरां आसा.”

“आई!” आतून सुयोग म्हणाला.

“गप रे. मास्तरांवांगडा बोलतंय मी.”

मी घरी आलो आणि लिहायला बसलो. बेचाळिसावी तक्रार सहा ओळींची झाली. तिच्यात ‘सबब’ नाही. कोणाचा हलगर्जीपणा, कोणाचे नाव निश्चित करावे, असेही काही नाही. एका माणसाने काय केले आणि त्याला काय मिळाले, एवढेच आहे. लिहून झाल्यावर मी ती सुयोगला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “सर, इथे ‘निष्कलंक’ काढा. ताकीद आहे ना आता.”

मी तो शब्द खोडला. अर्ज दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिला. आवक क्रमांक माझ्यापाशी आहे, आणि आतापर्यंत तीन स्मरणपत्रे गेली आहेत.